नवखेपणाची सोबत

पनवेलहून गोव्याच्या रस्त्याला लागलं की थोड्याच वेळात कर्नाळ्याचा सुळका दिसू लागतो. सगळे त्याला अंगठाच म्हणतात. नवीन पनवेलमध्ये वीस-वीस वर्षं राहिलेल्या लोकांना विचारा, वर गेलात का कधी? बहुतेकांचं उत्तर ठरलेलं असतं : "जायचंय हो, राहूनच गेलंय." आणि त्याला जोडून एक प्रश्न येतो. खरं तर या प्रकरणाचा विषय तोच आहे. "किल्ला रोज दिसतो, लांब नाही, खर्चिक नाही. मग का राहून जातं? आणि कुणी बरोबर येतो म्हटलं की दुसऱ्याच रविवारी कसं जमतं?"

प्रश्न किल्ल्यापुरता नाही. सायकल शिकायची राहिलेली असते, मोडी लिपी शिकायची राहिलेली असते. बाजारात दर पावसाळ्यात दिसणारी एखादी रानभाजी घरी कधी आलेलीच नसते. फडके नाट्यगृहावरून रोजचं येणं-जाणं असतं, पण आत बसून एखादी एकांकिका पाहिलेली नसते. यांतलं काहीच अवघड नाही. म्हणूनच ते राहून गेलं की मनाला लागतं.

या प्रकरणात 'नवी साधी गोष्ट' म्हणजे काय, ते आधी ठरवून घेऊ. जी आपण पूर्वी केलेली नाही, जिला आधीच्या तयारीची गरज नाही, जी अर्ध्या दिवसात होते आणि जिच्यासाठी खिशाला फारशी तोशीस पडत नाही, ती. हिमालयातली मोहीम यात बसत नाही. वडाळे तलावाच्या काठी बसून पहिल्यांदाच पेन्सिलीनं चित्र काढणं बसतं.

१. साधी गोष्टही जड का जाते?

पनवेलहून रोज सकाळच्या लोकलनं सीएसएमटीला जाणारा माणूस घ्या. जवळपास ऐंशी मिनिटांचा एका बाजूचा प्रवास. फलाटावर नेमकं कुठं उभं राहायचं, डबा कुठं थांबतो, कुठल्या स्टेशनला जागा रिकामी होते, याचा तो विचारच करत नाही. पाय आपोआप जातात. मानसशास्त्रज्ञ विल्यम जेम्स यांनी १८९०च्या आपल्या ग्रंथात सवयीवर एक स्वतंत्र प्रकरणच लिहिलं. त्यातला मुद्दा आजही खरा आहे : सवय लागली की काम करायला लक्ष कमी लागतं आणि वाचलेलं लक्ष दुसरीकडे वापरता येतं. सवय नसती तर दात घासून, कपडे करून घराबाहेर पडेपर्यंतच आपण थकलो असतो.

आता हाच माणूस रविवारी कर्नाळ्याला जायचं म्हणतो. किती वाजता निघायचं? एसटीनं की स्वतःच्या गाडीनं? बूट कुठले घालायचे? पाणी किती घ्यायचं? वर जाऊन यायला किती वेळ लागतो? दुपारचं जेवण कुठं? गुडघा दुखला तर? सात प्रश्न झाले, आणि एकाचंही उत्तर तयार नाही. आठवडाभर दमलेल्या मनाला सात निर्णय घेण्यापेक्षा झोपणं सोपं वाटतं. याला आळस म्हणून लोक स्वतःला दोष देत राहतात, ते मला पटत नाही. हा निर्णयांचा बोजा आहे. एकट्यानं उचलला तर तो सगळाच्या सगळा एकावर पडतो. चौघांत एक जण एसटीचं वेळापत्रक बघतो, दुसरा डबा आणतो, तिसरा कधीतरी वर जाऊन आलेल्याला विचारून ठेवतो.

दुसरी अडचण मात्र वाटून घेता येत नाही. ती म्हणजे आपण वेंधळे दिसू ही धास्ती. लहान मूल सायकलवरून पडतं, उठतं, पुन्हा चढतं. पन्नाशीतल्या बँक अधिकाऱ्याचं तसं नसतं. दिवसभर लोक त्याच्याकडे सल्ला मागायला येतात, त्याच्या सहीनं कामं होतात. सोसायटीच्या आवारात सायकलचं हँडल त्याच्या हातात डगमगलं की त्याला खिडक्याखिडक्यांतले डोळे जाणवतात. माणूस जितका आपल्या कामात मुरलेला, तितकं त्याला नवखं होणं कठीण जातं. मग सोबत असली की ही धास्ती कमी होते की वाढते? उत्तर वाटतं तितकं सरळ नाही.

२. कुणी बघत असलं की काय होतं?

१८९८ साली नॉर्मन ट्रिप्लेट या अमेरिकी अभ्यासकानं सायकल शर्यतींच्या नोंदी तपासल्या. एकट्यानं घड्याळाशी झुंजणाऱ्या सायकलस्वारापेक्षा दुसऱ्यांबरोबर धावणारा सायकलस्वार वेगानं जातो, असं त्याला दिसलं. मग त्यानं मुलांना मासेमारीच्या गळाचं रीळ गुंडाळायला दिलं, कधी एकट्यानं, कधी जोडीनं. सोबतीनं माणसाच्या कामात काय फरक पडतो, हे मोजून पाहण्याच्या सुरुवातीच्या प्रयोगांत हा गणला जातो.

पण पुढच्या काही दशकांत निकाल उलटसुलट येऊ लागले. कधी सोबतीनं काम सुधारायचं, कधी बिघडायचं. हा गुंता १९६५ साली रॉबर्ट झायन्स यांनी सोडवला. त्यांचं म्हणणं साधं होतं. कुणी जवळ असलं की शरीर-मन थोडं ताणलं जातं, आणि त्या ताणात जी कृती आपल्या अंगवळणी पडलेली असते ती अधिक जोरात बाहेर येते. काम सरावाचं असेल तर अंगवळणी पडलेली कृती बरोबरच असते, म्हणून काम सुधारतं. काम नवं असेल तर तोंडात-हातात आधी चुकीचीच कृती येते, म्हणून काम बिघडतं.

१९६९ साली झायन्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हे चक्क झुरळांवर तपासलं. झुरळ उजेडापासून पळतं. एका बाजूला दिवा लावला आणि समोर सरळ वाट ठेवली, तर दुसरी झुरळं आजूबाजूला असताना ते लवकर पळालं. त्याच झुरळाला वळणाच्या चक्रव्यूहात सोडलं, तर दुसरी झुरळं असताना त्याला उलट जास्त वेळ लागला. माणसाची लाज, मान, लोक काय म्हणतील, यांतलं काहीही झुरळाला नसतं. तरीही फरक पडला.

घरातलं उदाहरण घेऊ. पंचवीस वर्षं पुरणपोळ्या करणारी बाई. होळीला स्वयंपाकघरात चार नणंदा-जावा उभ्या असल्या की तिचा हात आणखी भरभर चालतो, पोळी काठापर्यंत पुरणानं भरते आणि फाटत नाही. याच बाईनं स्कूटर शिकायला घेतली आणि त्याच नणंदा-जावा फाटकाशी उभ्या राहिल्या, तर ब्रेक दाबायच्या जागी तिचा हात ॲक्सिलरेटर पिळतो. बाई तीच, माणसं तीच. एक काम मुरलेलं, दुसरं कोरं.

म्हणजे 'मित्रांबरोबर केलं की सगळं जमतं' हे सरसकट खरं नाही. मित्र प्रेक्षक म्हणून उभे असतील तर नव्या कामात ते अडचणच ठरतात.

३. सगळेच नवखे असले तर?

आपल्याकडे या कोड्याचं उत्तर संशोधकांच्या आधी बायकांनी शोधून ठेवलं आहे. मंगळागौरीचं जागरण आठवा. नवी लग्न झालेली मुलगी, तिच्या मैत्रिणी, आत्या, मावश्या, शेजारणी. रात्रभर खेळ. आधी साधी फुगडी, मग बसफुगडी, मग सूप नाचवणं, पिंगा, कोंबडा. सोप्याकडून अवघडाकडे. कुणी धपकन पडलं तर हसतात, पण पुढच्याच खेळात हसणारीही पडते. एका बाजूला खुर्च्या टाकून परीक्षण करायला कुणी बसत नाही. एरवी वाकायला नको म्हणणारी पंचावन्न वर्षांची काकू तिथं बसफुगडी घालते, त्याचं कारण हेच. अलीकडे मंगळागौरीच्या खेळांच्या स्पर्धा होतात, बायका महिनोन् महिने तालीम करतात. त्यात मजा आहेच, पण तो सरावाच्या कामाचा खेळ झाला. नवखेपणाची सुरक्षित जागा मला जुन्या, विस्कळीत, घरगुती जागरणात जास्त दिसते.

मानसशास्त्रात यामागचं कारण अल्बर्ट बंडुरा यांनी १९७७ साली मांडलं. 'हे मला जमेल' हा विश्वास माणसात कुठून येतो? बंडुरांनी चार झरे सांगितले. स्वतः करून पाहिल्याचा अनुभव हा सर्वांत बळकट. त्यानंतर आपल्यासारख्या दुसऱ्याला ते करताना पाहणं. मग कुणी दिलेला धीर. आणि शेवटी, त्या वेळी आपलं शरीर काय सांगतं, छातीत धडधडतंय की श्वास शांत आहे. दुसऱ्या झऱ्यातला 'आपल्यासारख्या' हा शब्द फार मोलाचा आहे. एव्हरेस्टवीराची मुलाखत ऐकून कौतुक वाटतं, पण प्रबळमाची चढण्याचं बळ येत नाही. आपल्याच इमारतीतली, आपल्याइतकीच धापा टाकणारी बाई पुढच्या वळणावर उभी राहून "आलीच बघ माची" म्हणते, तेव्हा येतं.

चढाचाच विषय निघाला आहे तर एक प्रयोग सांगतो. २००८ साली सिमोन श्नाल आणि सहकाऱ्यांनी लोकांना एका टेकडीच्या पायथ्याशी उभं करून तिचा चढ किती अंशांचा वाटतो ते विचारलं. काही जण एकटे होते, काहींच्या शेजारी मित्र उभा होता. मित्र शेजारी असलेल्यांना चढ कमी वाटला, आणि मैत्री जितकी जुनी तितका आणखी कमी. अशा प्रयोगांचा अर्थ नेमका काय लावायचा यावर संशोधकांत वाद आहेत. डोळ्यांना चढ खरंच कमी दिसतो की उत्तर देताना माणूस धिटावतो, हे ठरवणं सोपं नाही. आपल्या कामाला मात्र दोन्ही अर्थ चालतात.

पनवेलकरांना हे पडताळून पाहायला कलावंतीण सुळक्याच्या वाटेसारखी जागा नाही. ठाकूरवाडीतून वर निघायचं, प्रबळमाचीला टेकायचं आणि मग प्रबळगड व कलावंतीण यांच्या मधल्या खिंडीकडे. तिथून कातळात खोदलेल्या पायऱ्या सुरू होतात. पायरी उंच, कठडा नाही, एका अंगाला दरी. शिमग्याला माचीवरचे ठाकर याच सुळक्यावर जाऊन नाचतात. पण ज्यानं आजवर सोसायटीचा जिनाही लिफ्टनंच चढला आहे, त्यानं पहिल्याच खेपेला कलावंतीण धरू नये. प्रबळमाचीपर्यंत जाऊन, तिथं जेवून परत येणं ही पहिल्या खेपेची पुरेशी मोठी गोष्ट आहे. माथा तिथंच राहणार आहे, आणि 'स्वतः करून पाहिल्याचा' पहिला झरा माचीवरच सुरू होतो.

४. शेवळाची परीक्षा

नवी गोष्ट म्हटलं की लोकांना डोंगर आठवतो. मला बाजार आठवतो. जूनचे पहिले पाऊस पडले की पनवेलच्या बाजारात आणि रस्त्याच्या कडेला ठाकर-कातकरी बायका पानांत रानभाज्या मांडून बसतात. आधी शेवळं येतात, मग टाकळा, कुर्डू, भारंगी, फोडशी, पुढे कंटोळी. गावात नव्यानं राहायला आलेली माणसं मेथी-पालक घेऊन यांच्या समोरून निघून जातात. कारण नाव माहीत नाही, करायचं कसं माहीत नाही, आणि विचारायचा संकोच.

शेवळ ही मला यांतली सर्वांत मोलाची भाजी वाटते, कारण तिच्यात थोडा धोका आहे आणि तो कसा आवरायचा याची रीतही आहे. दिसायला लांब, निमुळती, तपकिरी-जांभळट गुंडाळी. सुरणाच्या नात्यातल्या एका रानकंदाचं हे फूल. नीट साफ केली नाही तर घसा खाजतो. या कुळातल्या वनस्पतींत कॅल्शियम ऑक्झलेटचे टोकदार, डोळ्यांना न दिसणारे स्फटिक असतात. ते जिभेत-घशात टोचतात आणि खाज सुटते. म्हणून शेवळाबरोबर काकडं विकायला असतात. सॅलडमधली काकडी ही नव्हे. काकड नावाच्या झाडाची ही छोटी, हिरवी, आंबट-तुरट फळं. शेवळं घेतली आणि काकडं घ्यायला विसरलात, तर विकणारी बाईच हटकते.

आता हे चौघांनी मिळून करून पाहा. गुंडाळीची वरची पानं सोडवायची. आत दांडा दिसतो. दांड्यावरचा पिवळा भाग काढून टाकायचा. घरातल्या जुन्या बायका यात जराही हयगय करू देत नाहीत. उरलेलं बारीक चिरायचं. काकडं ठेचून-उकडून त्यांचं आंबट पाणी काढायचं. तेलावर कांदा-लसूण, त्यात शेवळं चांगली परतून घ्यायची, मग काकडांचं पाणी घालून शिजू द्यायचं. कुणी वाल घालतात, कुणी कोलंबी, कुणी खिमा. रायगडातल्या कायस्थ घरांत शेवळाची कणी हा मानाचा पदार्थ आहे.

इथं सोबतीचं महत्त्व स्वच्छ दिसतं. एकटी बाई ही भाजी आणत नाही, कारण फसली तर घरचे नावं ठेवतील. चौघी मिळून आणतात तेव्हा एक जण विकणाऱ्या बाईला नीट विचारून येते, दुसरी आपल्या सासूला फोन लावते, चिरताना पिवळा भाग राहून गेला तर तिसरीच्या लक्षात येतं. चव पहिल्याच घासाला आवडेल असं नाही. अनोळखी चवीला जीभ वेळ घेते, लहान मुलांच्या बाबतीत तर एकच पदार्थ पुन्हा पुन्हा चाखायला द्यावा लागतो हे आहारतज्ज्ञ कायम सांगतात. दोन पथ्यं मात्र पाळा. मुतखड्याचा त्रास असलेल्यांनी ही भाजी टाळावी. आणि ओळख पक्की नसताना रानातून स्वतः तोडून आणू नये, विकणाऱ्या बायकांकडूनच घ्यावी. त्यांच्याशी भाव फार करू नये, असंही मला मनापासून वाटतं. त्या नुसती भाजी विकत नाहीत, पिढ्यांची माहिती फुकट देतात.

५. नुसत्या गप्पा पुरत नाहीत

"आम्ही तर दर रविवारी भेटतोच की," असं काही जण म्हणतील. भेटणं चांगलंच. पण भेटणं आणि मिळून काही नवं करणं यांत फरक आहे, आणि तो मोजला गेला आहे.

अमेरिकेत टेक्सासमध्ये डेनिस पार्क आणि सहकाऱ्यांनी साठीच्या पुढच्या लोकांवर एक मोठा प्रयोग केला. त्याचे निकाल २०१४ साली आले. काही जणांना डिजिटल फोटोग्राफी शिकवली, काहींना गोधडीसारखं शिवणकाम, काहींना दोन्ही. आणखी एका गटाला नवं काही शिकवलं नाही. ते फक्त एकत्र जमत, गप्पा मारत, खेळ खेळत, सहलीला जात. तीन महिने, आठवड्याला सुमारे पंधरा तास. शेवटी नवं कौशल्य शिकणाऱ्यांची स्मरणशक्ती सुधारलेली आढळली, विशेषतः फोटोग्राफी शिकणाऱ्यांची. नुसतं जमणाऱ्या गटात तशी सुधारणा दिसली नाही. पंधरा तास म्हणजे रोजचे दोन तासांहून अधिक, हे विसरू नका. महिन्यातून एकदा कर्नाळ्याला गेल्यानं कुणाची स्मरणशक्ती तल्लख होईल, असं मी म्हणणार नाही. पण ज्यांना निवृत्तीनंतर वेळ आहे त्यांनी मोडी लिपीसारखं काही तिघा-चौघांत धरावं. विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत व्यवहारात असलेली ही लिपी आज घरातल्या जुन्या कागदांवर मुकी पडून आहे. पणजोबांच्या जमिनीच्या दस्तातली एक ओळ चौघांनी डोकं लावून वाचली, एकाला 'स' दिसला, दुसऱ्यानं तो 'म' ठरवला, हे काम फोटोग्राफीइतकंच डोक्याला चालना देणारं आहे.

नव्या गोष्टीचा नात्यावर काय परिणाम होतो, हेही तपासलं गेलं आहे. आर्थर ॲरन आणि सहकाऱ्यांनी २००० साली जोडप्यांना एक विचित्र काम दिलं. दोघांचे हात-पाय एकमेकांना पट्ट्यांनी बांधले आणि मध्ये उशी धरून, हात न लावता, गुडघ्यांवर रांगत गाद्यांवरून पलीकडे जायला सांगितलं. जेमतेम सात मिनिटांचा खेळ. दुसऱ्या जोडप्यांना चेंडू ढकलण्याचं साधं, कंटाळवाणं काम दिलं. खेळानंतर पहिल्या गटातल्या जोडप्यांनी आपल्या नात्याबद्दल अधिक समाधान सांगितलं. प्रयोग जोडप्यांवरचा होता, मित्रांवरचा नव्हता. तरी वीस वर्षांच्या मैत्रीत गप्पा त्याच त्या व्हायला लागल्या आहेत असं वाटणाऱ्यांनी यावर विचार जरूर करावा.

६. भिशीची रीत

आता व्यवहाराचं. उत्साहानं व्हॉट्सॲपवर गट निघतो, दोन आठवडे निरोप फिरतात, मग कुणाच्या घरी लग्न, कुणाची परीक्षा, आणि गट सुप्रभातच्या चित्रांपुरता उरतो. हे टाळायचं तर भिशी कशी चालते ते पाहावं. भिशीत रक्कम ठरलेली, तारीख ठरलेली, नंबर चिठ्ठीनं काढलेला. स्वतःचा नंबर येऊन गेल्यावरही बाई पुढचे हप्ते भरते, कारण आता दुसरीचा नंबर तिच्यावर अवलंबून आहे. एकटीनं बचत करायला जी शिस्त लागते ती इथं गटाच्या शब्दात येते.

तसंच नव्या गोष्टींचं करावं. समजा सहा मैत्रिणी आहेत. सहा चिठ्ठ्या, सहा महिने. जिचा नंबर तिनं गोष्ट निवडायची, आणि ती स्वतःलाही नवी असली पाहिजे. हे कलम सर्वांत महत्त्वाचं. एकीला पोहता येतं म्हणून तिनं सगळ्यांना तलावावर नेलं, की ती शिक्षिका झाली आणि बाकीच्या परीक्षार्थी. झायन्स यांचा चक्रव्यूह सुरू झाला. बाकीच्यांनी आवडीनिवडीवरून नकार द्यायचा नाही. तब्येत, सुरक्षितता आणि खाण्यापिण्याचं व्रत एवढ्याच कारणांनी नाही म्हणता येईल. दरमहा प्रत्येकीचे दोनशे रुपये, म्हणजे बाराशेची रक्कम, त्यातच बसवायचं. एकदा केल्यावर पुन्हा करायची सक्ती नाही. दोघींना आवडलं तर त्या दोघींनी पुढे चालू ठेवावं, बाकीच्यांनी रुसू नये.

वेळेचा हिशेब करा. सहा महिने म्हणजे साधारण एकशे ऐंशी दिवस. त्यांतले सहा अर्धे दिवस, म्हणजे पुरते तीन. साठावा हिस्सा. "वेळ कुठाय?" या प्रश्नाला यापेक्षा वेगळं उत्तर मला देता येत नाही.

आणि ठरवताना 'एकदा जाऊ या' असं कधीच ठरवू नये. जर्मन मानसशास्त्रज्ञ पीटर गॉलवित्झर यांनी १९९७ साली प्रसिद्ध केलेल्या एका प्रयोगात विद्यार्थ्यांना ख्रिसमसची संध्याकाळ कशी घालवली याचं टिपण दोन दिवसांत पाठवायला सांगितलं. निम्म्यांना फक्त एवढंच. उरलेल्यांना ते कधी आणि कुठं बसून लिहिणार हेही ठरवायला लावलं. वेळ-जागा ठरवलेल्यांनी टिपण पाठवण्याचं प्रमाण दुपटीहून जास्त निघालं. म्हणून 'पावसाळ्यात शेवळं करू' असं नको. 'जूनच्या दुसऱ्या शनिवारी सकाळी आठला बाजारात भेटायचं, दहाला अमकीच्या घरी चिरायला बसायचं', असं हवं.

७. सोबत कुठे घात करते?

हा भाग तरुणांनी आणि त्यांच्या आईवडिलांनी लक्ष देऊन वाचावा. २००५ साली मार्गो गार्डनर आणि लॉरेन्स स्टाइनबर्ग यांनी मुलांना आणि प्रौढांना संगणकावर गाडी चालवण्याचा खेळ दिला. सिग्नल पिवळा झाला की थांबायचं की दामटायचं, हा निर्णय. एकटे असताना किशोरवयीन मुलं आणि प्रौढ यांच्यात फार फरक नव्हता. दोस्त शेजारी उभे राहिले की किशोरांनी कितीतरी जास्त धोका पत्करला, कॉलेजवयीनांनी थोडा, प्रौढांनी जवळपास नाहीच.

पनवेल परिसरात पावसाळ्यात हेच दिसतं. खारघरच्या पांडवकड्याखाली तरुण मुलंमुली पाण्याच्या लोंढ्यात वाहून गेल्याच्या घटना घडल्या आहेत. तिथं पावसाळ्यात बंदी घातली जाते, पोलीस उभे राहतात, तरीही वाट चुकवून गट जातात. एकटा मुलगा त्या पाण्यात उतरत नाही. सहा जण असले की पहिला उतरतो, आणि मागे राहणं ही बाकीच्यांना नामुष्की वाटते. पावसात डोंगरांचाही भरवसा नसतो. १९ जुलै २०२३च्या रात्री इर्शाळगडाच्या कुशीतली इर्शाळवाडी दरडीखाली गेली. पावसात हे डोंगर किती अस्थिर होतात, ते सगळ्या महाराष्ट्रानं पाहिलं.

यावर इलाज एकच : मागे फिरण्याची खूण घरून निघतानाच ठरवा. "दुपारी बाराला जिथं असू तिथून परत", "पाणी घोट्याच्या वर असलं तर ओढा ओलांडायचा नाही", "एकालाही नको वाटलं तर सगळे परत, कारण विचारायचं नाही". जागेवर गेल्यावर हा निर्णय गटाच्या हातात देऊ नका, तिथं गट बेताल होतो. बंदी असलेल्या जागी जाऊन केलेली गोष्ट नवी असेल, साधी मात्र नाही. उघडीप असलेल्या महिन्यांत तितक्याच छान वाटा आहेत. उदाहरणार्थ पनवेलजवळच्या धोदाणी गावातून माथेरानच्या सनसेट पॉइंटला जाणारी पायवाट. माथेरानमध्ये मोटारी चालत नाहीत, आणि पायी वर पोचल्यावर तो डोंगर वेगळाच भेटतो.

८. पहिली खेप

सुरुवात कुठून करावी, असं कुणी विचारलं तर मी पक्षी सुचवतो. कर्नाळ्याचं पक्षी अभयारण्य १९६८ पासून आपल्या दाराशी आहे. दीडशेहून अधिक जातींच्या पक्ष्यांची तिथं नोंद आहे. चढ चढायची सक्ती नाही; हरियाल आणि मोरटाका अशा नावांच्या निसर्गवाटा आहेत. पक्षी ओळखता येत नसले तरी बिघडत नाही, उलट सगळ्यांनाच येत नसतील तर उत्तम. एकानं रंग पाहायचा, दुसऱ्यानं शेपटी, तिसऱ्यानं आवाज ऐकायचा आणि मग तिघांनी मिळून पुस्तकात शोधायचं. शेपटीच्या टोकाला दोन लांब काड्या आणि त्यांना पिसांचे झुपके घेऊन उडणारा पल्लवपुच्छ कोतवाल एकदा दिसला की पुढची खेप कुणाला सांगावी लागत नाही.

महाराष्ट्रात ५ ते १२ नोव्हेंबर हा पक्षी सप्ताह असतो. ५ तारीख मारुती चितमपल्लींच्या जन्माची, १२ तारीख डॉ. सालिम अलींच्या जन्माची. तोवर पाऊस ओसरलेला असतो आणि पाहुणे पक्षी यायला लागलेले असतात. त्या आठवड्यातली एक सकाळ आत्ताच कॅलेंडरवर लिहा, आणि ज्यांना पक्ष्यांतलं तुमच्याइतकंच काही कळत नाही अशा तिघांना आज रात्री फोन करा.